गाडी वेशीबाहेर: रोमहून निघून परत रोमला, इटलीत दहा दिवस

इटलीतली जुनी गावं टेकडीच्या माथ्यावर आणि तटबंदीच्या आत आहेत. गल्ल्या खेचरांच्या मापाच्या. तिथे गाडी घेऊन फिरायचं म्हणजे एका गावाच्या वेशीपासून दुसऱ्या गावाच्या वेशीपर्यंत गाडी चालवायची आणि वेशीच्या आत पायी शिरायचं. हे ज्यांना पटतं त्यांची सहल सुखाची होते. हॉटेलच्या दारातच गाडी लागली पाहिजे असा ज्यांचा आग्रह असतो, त्यांना घरी परतल्यावर काही महिन्यांनी लिफाफे येतात. त्यांच्याबद्दल शेवटी.

मार्ग गोल आहे. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर गाडी घ्यायची, ओर्व्हिएतो, व्हाल दॉर्चाचं खोरं, सिएना, फ्लॉरेन्स, लुक्का आणि पिसा करत ला स्पेत्सियाला समुद्र गाठायचा, मग किनाऱ्याकिनाऱ्याने परत फ्युमिचिनो. साधारण अकराशे किलोमीटर. गाडी घेतली तिथेच परत केली की दुसऱ्या शहरात सोडण्याचा भुर्दंड वाचतो. खुद्द रोम या दहा दिवसांत नाही. ते आधी किंवा नंतर, गाडीशिवाय बघा. विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला थेट रेल्वे अर्ध्या तासात पोचवते.

मे महिना सगळ्यात बरा. गहू हिरवा असतो, कडेला खसखशीची लाल फुलं असतात, दिवस मोठा असतो. जूनअखेरीस तीच शेतं सोनेरी होतात आणि ऑक्टोबरात नांगरून मातकट. ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला तिथे 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते, त्याच्या आगेमागे अख्खा देश समुद्राकडे धावतो आणि रस्त्यांची आपल्या गणपतीत मुंबई-गोवा महामार्गाची होते तीच गत होते.

निघण्याआधी

भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. तो आपल्या आरटीओकडून मिळतो, फॉर्म ४-ए भरून. मुदत एक वर्षाची. तिथे दोन्ही दाखवावे लागतात, नुसत्या परवान्यावर भागत नाही. काउंटरवर काही वेळा तो मागतही नाहीत आणि लोक समजतात की गरज नव्हती. पोलिसांनी थांबवलं किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

गाडी ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं. अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही, फॉरेक्स कार्ड तर अनामतीला सहसा नाहीच. भारतातून निघतानाच कार्डाची परदेशातली मर्यादा वाढवून ठेवा आणि पिन पाठ करा. टोलनाक्यावर आणि पंपावर ओटीपीची वाट बघत उभं राहता येत नाही.

ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच बुक करा. इटलीत हाताने गिअर टाकायच्या गाड्याच जास्त. उजव्या बाजूने चालवायची सवय नसताना गिअरही उजव्या हाताने टाकायचा, हे पहिल्या दिवशी जड जातं. गाडी लहान घ्या, पण फार लहान नको. फियाट पांडाच्या आकाराच्या गाडीत दोन मोठ्या बॅगा डिकीत मावत नाहीत, मागच्या सीटवर येतात आणि काचेतून दिसतात. चौघांना त्याहून एक माप मोठी गाडी लागते.

विम्यात टायर, काच, गाडीचा तळ आणि चुकीचं इंधन या चार गोष्टी बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. नुकसान नेमकं त्याच चार ठिकाणी होतं.

दिवस पहिला: फ्युमिचिनो ते ओर्व्हिएतो, सुमारे १३५ कि.मी.

रात्रभरच्या विमानप्रवासानंतर पहिल्या दिवशी दोन तासांहून जास्त चालवू नका. म्हणून ओर्व्हिएतो.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. चाकांच्या रिम, आरशांचे कोपरे, पुढची काच आणि छत जवळून टिपा. फूटपाथला घासलेल्या रिमचं बिल सगळ्यात जास्त वेळा येतं. इंधनाचा काटा आणि किलोमीटर एका फोटोत घ्या. नंबरप्लेटचा फोटो वेगळा ठेवा, पार्किंगच्या यंत्रात तो नंबर रोज टाकावा लागतो.

आधी विमानतळाच्याच वाहनतळात दोन चकरा मारा. ड्रायव्हर रस्त्याच्या मध्यरेषेच्या बाजूला बसलेला असला पाहिजे, एवढी एक खूण डोक्यात ठेवली की निम्मं काम होतं. उरलेलं चुकतं ते डावीकडे वळताना, आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी काढताना. समोर दुसरी गाडी नसली की हात आपोआप जुन्या सवयीने डावी बाजू धरतात. चौकातल्या गोलात घड्याळाच्या उलट फिरायचं आणि आधीच आत असलेल्यांना जाऊ द्यायचं. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं आहे.

रोमच्या बाहेरचा वळसा, म्हणजे 'ग्रांदे राक्कोर्दो आनुलारे', फुकट आहे आणि गजबजलेला. त्यावरून 'फिरेन्त्से'च्या पाट्या धरायच्या. फ्लॉरेन्सचं हेच इटालियन नाव. पाटीवर फ्लॉरेन्स शोधत बसलात तर फाटा हुकेल. हिरव्या पाट्या टोलच्या महामार्गाच्या, निळ्या साध्या रस्त्यांच्या. मिलान ते नेपल्स जाणारा ए-वन हा देशाचा कणा, १९६४ साली पूर्ण झाला. मर्यादा ताशी १३० कि.मी., पावसात ११०. 'तुतोर' नावाची यंत्रणा दोन कमानींच्या दरम्यानचा सरासरी वेग मोजते, त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक मारायची युक्ती इथे उपयोगाची नाही.

टोलचं गणित सोपं आहे. शिरताना यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, उतरताना पैसे भरायचे. चिठ्ठी हरवली तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासून आलात असं धरून पैसे लावू शकतात. बाहेर पडताना पिवळ्या पाटीची रांग फक्त 'तेलेपास'वाल्यांची (आपल्या फास्टॅगसारखी सोय), तिथे जायचं नाही. नाणी-नोटांचं चित्र असलेली पांढरी रांग रोखीची, निळी कार्डाची. चुकून पिवळ्या रांगेत शिरलात तर मागे घेऊ नका. तो मोठा गुन्हा आहे आणि धोकाही. मदतीचं बटण दाबा. यंत्र पैसे न भरल्याची पावती देतं, ती १५ दिवसांत भरली की विषय संपतो.

ओर्व्हिएतो मऊ ज्वालामुखी दगडाच्या सपाट कड्यावर बसलंय. गाडी वर नेऊ नका. कड्याच्या पायथ्याशी 'काम्पो देल्ला फिएरा' हा वाहनतळ आहे, तिथून सरकते जिने आणि लिफ्ट थेट गावात सोडतात. दुसऱ्या बाजूने, रेल्वे स्टेशनसमोरून, दोरीची छोटी रेल्वे चढते.

कॅथेड्रलचं काम १२९० साली सुरू झालं. भिंती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, आत चित्रकार सिन्योरेल्लीची जगाच्या अंताची भित्तिचित्रं. पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे 'पोत्सो दि सान पात्रित्सिओ' ही विहीर. १५२७ साली रोम लुटलं गेलं तेव्हा पोप क्लेमेंट सातवा इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून त्याने ती खोदायला लावली. पन्नास मीटरहून जास्त खोल, आणि एकमेकांभोवती गुंडाळलेले दोन स्वतंत्र जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एका जिन्याने रिकामी खेचरं उतरायची, दुसऱ्याने पखाली घेऊन चढायची, मध्ये कुठे गाठ नाही. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत त्याही खेचरांसाठीच. उतरताना मजा वाटते, चढताना खेचराबद्दल आदर.

दिवस दुसरा: चिविता दि बान्योरेज्जो मार्गे पिएन्त्सा, सुमारे १०० कि.मी.

चिविता ओर्व्हिएतोपासून वीसेक किलोमीटर. चिकणमातीच्या उतारावर दगडाचं गाव. माती धुपते, दगड सुटतो, घरं कडेने गळून पडतात. गावात जायला फक्त पादचारी पूल, शेवटचा चढ चांगलाच उभा. प्रवेशाला तिकीट आहे. सकाळी नऊच्या आत पोचा, अकराला पर्यटकांच्या बसगाड्या येतात.

तिथून बोल्सेना सरोवराच्या काठाने जुन्या कास्सिया मार्गाला लागायचं. हा मूळचा रोमन रस्ता, आजचा क्रमांक दोन. पेट्रोल भरायची वेळ इथेच येते, म्हणून पंपाचं इथेच सांगून टाकतो. 'बेन्त्सिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. 'गॅसोलीन'शी मिळताजुळता शब्द बघून पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरणारे दर मोसमात निघतात. शब्दांवर विसंबू नका, आकार बघा. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि पंपाच्या नळीवर सारखीच खूण असते: वर्तुळात 'ई' अक्षर म्हणजे पेट्रोल, चौकोनात 'बी' म्हणजे डिझेल. चुकून भरलंच तर किल्ली फिरवू नका, इंजिन चालू झालं की खर्च कैक पटीने वाढतो.

एकाच पंपावर दोन भाव असतात. 'सेर्व्हितो' म्हणजे माणूस भरून देणार, तो महाग. 'सेल्फ' स्वस्त. दुपारी आणि रविवारी माणूस नसतोच, मध्यावरच्या यंत्रात आधी पैसे भरायचे आणि पंपाचा क्रमांक दाबायचा. कार्ड लावलं की यंत्र शंभरेक युरो अडकवतं आणि भरलेल्या इंधनापुरते नंतर कापतं. उरलेले सुटायला काही दिवस लागतात. फॉरेक्स कार्डात मोजकेच पैसे असतील तर इथे वीस युरोची नोट बरी.

पिएन्त्साच्या आसपास 'आग्रितुरिस्मो'त तीन नाही तरी दोन रात्री राहा. कायद्याने ही चालू शेतीचीच घरं असतात, तेल-द्राक्षं त्यांची स्वतःची. शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर बहुधा कच्चा असतो, म्हणून पहिल्यांदा उजेडातच पोचा. पत्त्याऐवजी अक्षांश-रेखांश मागून घ्या; अशा घरांच्या पत्त्यावर नकाशा हमखास शेजारच्या टेकडीवर नेऊन सोडतो.

दिवस तिसरा: व्हाल दॉर्चा, दिवसभर फिरून ८० कि.मी.

आजचं अंतर फसवं आहे. वळणं, चढउतार आणि दर दोन किलोमीटरला थांबायचा मोह, यात ताशी तीसची सरासरीही पडत नाही. थांबायचं ते मात्र रुंद केलेल्या जागीच. रस्त्याला कडेची पट्टी नाही, आणि सरूच्या झाडांचा फोटो घ्यायला वळणावर गाडी उभी करणारे इथल्या लोकांना नेहमीची डोकेदुखी आहेत.

सान क्विरिको ते पिएन्त्सा ते मोन्तेपुल्चानो हा १४६ क्रमांकाचा रस्ता सगळ्यात देखणा. सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि संध्याकाळी उलट गेलात तर सूर्य पाठीशी राहतो. टेकडीवरचं व्हितालेता नावाचं देऊळवजा चॅपेल याच वाटेवर. शेवटचा टप्पा चालत. पांढऱ्या खडीच्या रस्त्यांना 'स्त्रादे ब्यांके' म्हणतात. त्यावर ताशी ३० च्या वर जाऊ नका आणि पुढच्या गाडीपासून लांब राहा. उडालेल्या खड्याने काचेला तारा पडला तर तो विम्यात नाही, हे वर आलंच आहे.

पिएन्त्सा हे गाव एका माणसाची हौस आहे. कोर्सिन्यानो नावाच्या खेड्यात १४०५ साली जन्मलेला पिक्कोलोमिनी पुढे पोप पायस दुसरा झाला, आणि १४५९ पासून बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुविशारदाकरवी त्याने जन्मगावच नव्याने बांधून घेतलं. चौक, कॅथेड्रल, राजवाडा, सगळं मोजूनमापून. पण कॅथेड्रलची मागची बाजू चिकणमातीच्या उतारावर आली आणि तेव्हापासून ती खचतेच आहे. आत वेदीकडे चालत जाताना जमीन खाली कलल्याचं पायांना कळतं.

पार्किंगचे रंग एकदा पाठ करा. पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या राखीव. खालची छोटी पाटी मात्र वाचलीच पाहिजे. त्यावर दोन हातोड्यांची फुली म्हणजे कामाचे दिवस, क्रूस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. नुसत्या पांढऱ्या रेषेवर भरवसा ठेवून गाडी लावायची आणि पाटीवर घड्याळाचं चित्र असायचं, असंही होतं. मग काचेमागे आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची तबकडी लावायची. ती गाडीतच कुठेतरी असते. नसेल तर कागदावर वेळ लिहून ठेवतात.

पिएन्त्साचं मेंढीच्या दुधाचं 'पेकोरिनो' चीज प्रसिद्ध. अक्रोडाच्या पानात मुरवलेलं, राखेत मुरवलेलं, असे प्रकार दुकानात चाखायला देतात. कडक शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवावं: पेकोरिनो आणि पार्मिजानो विरजायला प्राण्यांच्या जठरातलं 'काल्यो' वापरतात. 'काल्यो व्हेजेताले' असं वेष्टनावर असेल तरच ते वनस्पतीचं. जेवणात 'पीची आल्ल्यालिओने' मागा, म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि भल्यामोठ्या पाकळ्यांचा लसूण, मांस नसतं. सूप कशात शिजवलंय ते मात्र विचारा. 'मांस नको' म्हटल्यावर तुकडे काढतील, पण पाणी, म्हणजे 'ब्रोदो', हाडांचं असू शकतं. तोस्कानाचा, म्हणजे या टस्कनी प्रांताचा, पाव अळणी असतो, ती चूक नव्हे.

दुपारी मोन्ताल्चिनो. ब्रुनेल्लो वाइन बाजारात यायला सुगीनंतरचं पाचवं वर्ष उजाडावं लागतं. चालकाने इथे घोट घेऊन थुंकायचं. मर्यादा रक्ताच्या लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल, आणि लायसन्स काढून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. बान्यो व्हिन्योनीत गावचौकाच्या जागी गरम पाण्याचा हौद आहे. त्यात उतरायला बंदी. पाय बुडवायचे तर खाली पाणचक्क्यांच्या बाजूला ओघळ वाहतात.

दिवस चौथा: क्रेते सेनेसीतून सिएना, सुमारे ७५ कि.मी.

सरळ कास्सियाने तासाभरात सिएना येतं. त्यापेक्षा आशियानोवरून ४३८ क्रमांकाच्या रस्त्याने जा. राखाडी मातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या, माथ्यावर एकच घर. वाटेत मोन्ते ओलिव्हेतोचा लाल विटांचा मठ. तो दुपारी बंद असतो, आणि हे सगळीकडचंच: एक ते तीन-चार चर्चं, दुकानं, सगळं झोपतं. हॉटेलांची स्वयंपाकघरं अडीचला बंद होऊन साडेसातला उघडतात. पावणेतीनला जेवायला पोचलात तर सँडविचवर भागवावं लागतं.

सिएनात झेडटीएलशी पहिली गाठ पडते. ठरावीक गाड्यांनाच प्रवेश असलेला हा भाग. पांढरी गोल पाटी, लाल कडा, वर कॅमेरा. फाटक नाही, पोलिस नाही, कुणी शिट्टी वाजवत नाही; गाडी सरळ आत जाते आणि नंबर टिपला जातो. मोठ्या शहरांत शेजारी दिव्यांची पाटी असते आणि सगळे तिथेच फसतात. 'व्हार्को आत्तिव्हो' असं लाल अक्षरांत दिसलं की वाटतं, वाट चालू आहे. अर्थ उलटा आहे: नाका जागा आहे, आत येऊ नका. 'नॉन आत्तिव्हो' असेल तेव्हा जाता येतं. चुकून शिरलात तर घाबरून त्याच रस्त्याने परत फिरू नका. बाहेर पडताना दुसरा कॅमेरा असतो आणि काही वेळा दोन प्रवेशांचे दोन दंड लागतात. तसंच पुढे जाऊन जवळच्या रस्त्याने बाहेर पडा, आणि हॉटेल आत असेल तर तातडीने त्यांना नंबर कळवा. ते नगरपालिकेकडे तो नोंदवू शकतात, पण मुदतीत. 'सामान उतरवायला आत येऊ का' हा प्रश्न आदल्या दिवशी लेखी विचारलेला बरा. नकाशाच्या ॲपवर विसंबू नका, ते कित्येकदा नाकासमोर झेडटीएलमध्ये घालतं.

गाडी 'सांता कातेरिना'च्या वाहनतळावर लावा, सरकते जिने वर नेतात. काम्पो हा शिंपल्यासारखा उतरता चौक. विटांचे नऊ भाग, शहर चालवणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची खूण. पालिओची घोड्यांची शर्यत २ जुलै आणि १६ ऑगस्टला. सतरा मोहल्ल्यांतले दहाच एका वेळी धावतात. त्या दिवसांत पार्किंग आणि खोली दोन्ही विसरा. कॅथेड्रलची संगमरवरी फरशी वर्षातला बराच काळ झाकलेली असते, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उघडी. बाजूला नव्या, आणखी मोठ्या कॅथेड्रलची अर्धवट भिंत उभी आहे. १३४८ च्या प्लेगने ते काम थांबवलं ते थांबवलंच. त्या भिंतीवर चढता येतं आणि मनोऱ्यापेक्षा इथून शहर चांगलं दिसतं.

दिवस पाचवा आणि सहावा: सान जिमिन्यानो, मग फ्लॉरेन्स

मोन्तेरिज्जोनी या तटबंदीतल्या छोट्या गावाला अर्धा तास पुरे. सान जिमिन्यानोत बहात्तरपैकी चौदा बुरूज उरलेत. 'जुबिलेओ' हा सगळ्यात लांबचा वाहनतळ सगळ्यात स्वस्त, पण दहाच्या आत जा.

फ्लॉरेन्समध्ये गाडी नेऊच नका. सिएना-फ्लॉरेन्स रस्ता फुकट आहे. तो संपतो तिथे, 'फिरेन्त्से इम्प्रुनेता'ला, ए-वनवर बोलोन्याच्या दिशेने चढायचं. पुढच्या नाक्याआधी 'व्हिला कोस्तान्त्सा' हा वाहनतळ महामार्गातच आहे. टोल न भरता आत वळायचं, गाडी लावायची, आणि तिथून टी-वन ट्राम साधारण पंचवीस मिनिटांत मुख्य स्टेशनपाशी सोडते. रात्रभर गाडी ठेवता येते. या वाहनतळातून गाडीने शहरात निघताच येत नाही, तीच त्याची खुबी. टोलची चिठ्ठी जपून ठेवा, ती दोन दिवसांनी लुक्काला लागेल. मोठ्या बॅगा गाडीत सोडण्यापेक्षा दोन रात्रींचं सामान छोट्या पिशवीत घालून निघणं सोपं, हे खरं. पण पासपोर्ट आणि लॅपटॉप गाडीत कधीच नको.

उफ्फित्सी हे चित्रसंग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट, म्हणून त्या दिवशी रांग सगळ्यात लांब. कॅथेड्रलवरच्या ब्रुनेल्लेस्कीच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी ठरवून तिकीट घ्यावं लागतं. ही तीन तिकिटं भारतातूनच काढा. बाकीचं शहर चालत बघण्याचं आहे.

दिवस सातवा: लुक्का, पिसा, ला स्पेत्सिया, सुमारे १८० कि.मी.

ए-इलेव्हनने तासाभरात लुक्का. तटावरची ४.२ किलोमीटरची फेरी भाड्याच्या सायकलने अर्ध्या तासात होते. तट इतका रुंद आहे की वर झाडांची दुहेरी रांग आणि बाकं आहेत. ग्विनीजी मनोऱ्याच्या डोक्यावर ओकची झाडं वाढलीत. वेळ उरला तर पिसाऐवजी इथेच घालवावा, असं आमचं स्पष्ट मत.

पिसा दीड तासाचं काम. मनोरा ११७३ साली सुरू झाला, १९९० मध्ये धोकादायक म्हणून बंद केला, कलण्याच्या उलट बाजूच्या पायाखालची माती थोडीथोडी काढून तो किंचित सरळ केला आणि २००१ च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, पिशव्या खाली ठेवाव्या लागतात. आज गाडीत सगळं सामान आहे, म्हणून वाहनतळावर पोचल्यावर डिकी उघडू नका. चोर काच फोडण्याआधी कोण काय कुठे ठेवतंय तेच बघत असतात. आवराआवर आधीच्या थांब्यावर उरका.

ए-ट्वेल्व्हने उत्तरेला जाताना उजवीकडे डोंगर बर्फाळ दिसतात. मे महिन्यात तो बर्फ नसतो, कर्रारातल्या संगमरवराच्या खाणींचा चुरा असतो.

दिवस आठवा: चिंक्वे तेर्रे, रेल्वेने

मुक्काम ला स्पेत्सियात करा, गाडी तिथेच सोडा. चिंक्वे तेर्रे म्हणजे समुद्राकाठची पाच गावं. त्यांना वरून रस्ता आहे, पण तो अरुंद, गावाच्या वर संपणारा, आणि तिथली मोजकी पार्किंग सकाळीच भरते. ला स्पेत्सिया ते लेव्हांतो या पट्ट्यात मोसमात सतत लोकल धावतात, दोन गावांमध्ये दोन-पाच मिनिटांचं बोगद्याबोगद्यांचं अंतर. दिवसभराच्या 'त्रेनो' कार्डात लोकल आणि पायवाटा दोन्ही येतात; भाव दिवसागणिक बदलतो. नुसतं सुटं कागदी तिकीट घेतलं तर फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्या. विसरलात तर खरं तिकीट असूनही दंड.

सातच्या सुमारास निघा आणि आधी व्हेर्नात्सा गाठा. तिथून मोन्तेरोस्सोची पायवाट साडेतीन किलोमीटरची, पण पायऱ्यांमुळे दोन तास घेते. चपला-सँडलवर दंड होतो, घट्ट तळव्याचे बूट हवेत. हवामान खात्याने इशारा दिला की वाटा बंद. हा बाऊ नव्हे: २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांच्या पावसाने चिखल आणि दगडांचा लोंढा व्हेर्नात्सा-मोन्तेरोस्सोच्या गल्ल्यांतून खाली आला होता. डोंगर धरून ठेवतात ते द्राक्षांच्या पायऱ्यांचे दगडी बांध, चुना-सिमेंटशिवाय रचलेले. शेती सुटली की बांध ढासळतात आणि मागोमाग उतार.

कोर्निलिया एकटंच समुद्रापासून शंभरेक मीटर वर; स्टेशनपासून ३८० च्या आसपास पायऱ्या किंवा छोटी बस. बोटी म्हणूनच तिथे थांबत नाहीत. रियोमाज्जोरे-मानारोला जोडणारी 'व्हिया देल्लामोरे' २०१२ मध्ये दरड कोसळून बंद झाली ती २०२४ च्या उन्हाळ्यात उघडली, वेळ ठरवून वेगळं तिकीट. मानारोला शेवटी ठेवा, सूर्यास्ताला.

रात्री ला स्पेत्सियात 'फारिनाता' खा. काबुली चण्याचं पीठ, त्याच्या तिप्पट पाणी, मीठ, हात सैल सोडून ऑलिव्ह तेल. पीठ चार-पाच तास भिजत ठेवतात, वर आलेला फेस काढतात, कल्हई केलेल्या रुंद तांब्याच्या परातीत जेमतेम बोटाच्या पेरापेक्षा पातळ ओततात आणि लाकडाच्या धगधगत्या भट्टीत ढकलतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, वरून मिरपूड. बेसनाचं धिरडं खाल्लेल्या माणसाला ओळख करून द्यायची गरज नाही. अंडं नाही, दूध नाही. इथल्या बटाटा-फरसबी घातलेल्या पेस्तो पास्त्यात चीज असतं, आणि मोन्तेरोस्सोत हिरव्या चटणीत 'अच्चूगे' म्हणजे खारवलेले छोटे मासे लपलेले असू शकतात.

दिवस नववा आणि दहावा: समुद्राकाठून दक्षिणेला

ए-ट्वेल्व्ह रोसिन्यानोनंतर तुटतो आणि पुढे आउरेलिया हा क्रमांक एकचा रस्ता लागतो. बोल्गेरीला वळा. सान ग्विदोपासून गावापर्यंत जवळजवळ पाच किलोमीटर सरूंची सरळ दुहेरी रांग आहे. मुक्काम ओर्बेतेल्लोला, ला स्पेत्सियापासून सुमारे २६० किलोमीटर. खारकच्छाच्या मधोमध जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव, दोन्ही अंगांना वाळूचे दांडे, पुढे आर्जेंतारिओचा डोंगर. 'फेनिल्या' दांड्यावरच्या पाइनच्या रानात गाड्यांना बंदी. सायकलने सहा किलोमीटर, वाटेल तिथे उतरून समुद्र. डोंगरापलीकडच्या पोर्तो एर्कोलेत चित्रकार काराव्हाज्जो १६१० साली वारला.

ग्रोस्सेतोच्या दक्षिणेला आउरेलिया जरा बेभरवशाची. शेतांतून गाड्या सरळ आत घुसतात, मर्यादा ११० वरून ९० आणि ७० वर उतरते, आणि नेमके तिथेच कॅमेरे. शेवटच्या दिवशी वेळ हातात असेल तर तार्क्विनियाच्या, रोमनांआधीच्या एत्रुस्कन लोकांच्या थडग्यांतली रंगवलेली दालनं बघा; सोमवारी बंद. तिथून ए-ट्वेल्व्हने फ्युमिचिनो तासाभरावर.

विमानतळाच्या अलीकडच्या पंपावर टाकी भरा, पावती ठेवा, काटा आणि किलोमीटर पुन्हा एका फोटोत. परतीच्या ठिकाणी माणूस नसेल तर किल्ली पेटीत टाकण्याआधी चारही बाजूंचा व्हिडिओ काढा. अनामत सुटायला दोन-तीन आठवडेही लागतात.

आता ते लिफाफे. कॅमेऱ्याने नंबर टिपला की पोलिस भाड्याच्या कंपनीला विचारतात, कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कळवण्याचे पैसे कार्डावरून कापते. तो दंड नव्हे, दंड वेगळा येतो. परदेशी रहिवाशाला नोटीस बजावायला त्यांना ३६० दिवसांची मुदत आहे. हाती आल्यापासून पाच दिवसांत भरला तर बहुतेक दंडांवर तीस टक्के सूट मिळते, आणि साठ दिवस उलटले की रक्कम वाढते. तारखांवर वाद झाला तर पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो, म्हणून पाकीट फेकू नका.